लहान .३२च्या जोडीला मोठे शस्त्र कोणते?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

परवानाधारक वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न वारंवार येतो. जवळ लहान रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल आहे, आता जोडीला पूर्ण आकाराचे घ्यायचे, तर काय घ्यावे? इंदूर, देवास, ग्वाल्हेर, महू आणि बडोद्याहून आलेली काही पत्रे निवडली आहेत. पत्रे आटोपशीर केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे .३२चे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आहे. बाळगायला हलके आहे, पण दहा मीटरवरच गोळ्या पसरतात. परवान्यावर दुसऱ्या शस्त्राची जागा शिल्लक आहे. दुकानदार .३२चे ऑटोमॅटिक पिस्तूल सुचवतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, घ्यायचेच तर ग्लॉक १७ घ्या.’ मोठे शस्त्र घेतले तर नेम सुधारेल का, आणि नेमके कोणते घ्यावे? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : मुलाचा सल्ला आधी निकालात काढू. ग्लॉक १७ हे ९ × १९ मि.मी.चे पिस्तूल आहे आणि आपल्याकडे ते काडतूस प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या नळीच्या मापात, मोडते. जिल्ह्यात मिळालेल्या सर्वसाधारण परवान्यावर ते घेता येत नाही. परदेशी नियतकालिकांत ‘कॉम्पॅक्टला जोड फुल-साइजची’ या विषयावर जे लिहिलेले असते, ते बहुतेक याच काडतुसाभोवती फिरते. ग्लॉक १९ची नळी १०२ मि.मी., १७ची ११४ मि.मी.; १७चे मॅगझीन १९मध्ये चालते, १९चे आखूड मॅगझीन १७मध्ये बसत नाही. त्यातली ब्रँडची नावे आपल्या कामाची नाहीत, पण त्यामागचा विचार जरूर उचलावा : दोन्ही शस्त्रांची काडतुसे एक असावीत, दोन्हींच्या कळा एकाच जागी असाव्यात.

तुमच्या बाबतीत या विचाराला जास्त वजन आहे, कारण २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. घरी तुमच्या नावावर बारा बोअर असेल तर तीही या दोनांत मोजली जाते. म्हणजे ही तुमची शेवटची जागा आहे. ती हौसेखातर भरू नका.

आता नेमाचे. मोठ्या शस्त्राने गोळी आपोआप सरळ जात नाही. तुमची चूक लहान होते, इतकेच. माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) आणि मागची खाच यांच्यातले अंतर फूटपट्टीने मोजा. समजा ते ११० मि.मी. भरले. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर गोळी नऊ सेंटिमीटर बाजूला लागते. हेच अंतर १६० मि.मी. असेल तर तीच चूक सव्वासहा सेंटिमीटरवर येते. हात तोच आणि डोळाही तोच, तरी लक्ष्यावरचा पसारा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो.

पण खरा दोष बहुधा नजरेत नसतो, चापात असतो. घोडा न चढवता चाप ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो आणि तुमच्या शस्त्राचे वजन अर्धा किलो आहे. वजनाच्या दहापट जोर एका बोटाने, तोही एकाच बाजूने लावायचा, तर नळी हलणारच. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे गोळा होतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. शस्त्र ८००-९०० ग्रॅमचे असेल आणि मुठीवर करंगळीलाही जागा असेल, तर तोच जोर लावताना नळी खूपच कमी ढळते.

‘मोठे घेतले की झटका कमी बसतो’ हेही तुम्ही ऐकले असेल. खरे आहे, पण .३२ला ते फारसे लागू नाही. ६.३५ ग्रॅमची गोळी सेकंदाला २२० मीटर वेगाने निघाली, तर ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर मागे सेकंदाला २.८ मीटर वेगाने येते आणि ७०० ग्रॅमचे २ मीटर वेगाने. (दारूचा वायू या हिशेबात धरलेला नाही.) दोन्ही झटके सौम्यच. .३२मध्ये जादा वजन कामी येते ते चाप सांभाळायला. दुकानात शस्त्र हातात घेतल्यावर मनातल्या मनात झटक्याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा रिकाम्या शस्त्राचा चाप दुकानदाराच्या परवानगीने सावकाश ओढून बघा आणि माशी कुठे सरकते त्यावर लक्ष ठेवा. दहा वेळा ओढल्यावर बोट थकले, तर ते शस्त्र तुमचे नव्हे.

आता निवड. दुकानदाराचे ऑटोमॅटिक आम्ही सुचवणार नाही. ते वाईट असते म्हणून नव्हे. त्याचे काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा वेगळे आहे (पुढचे उत्तर पाहा) आणि शस्त्र रिकामे करायची रीतही वेगळी. आधीच मोजकी मिळणारी काडतुसे दोन प्रकारांत वाटली जातील आणि सराव कोणत्याच शस्त्राचा धड होणार नाही.

२०२३ मध्ये कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल या सरकारी शस्त्र कंपनीने ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर आणले. सुमारे ७०० ग्रॅम वजन, सिलिंडर बाजूला उघडणारे, काडतूस तेच. मात्र त्याचीही नळी ७६ मि.मी.च आहे. म्हणजे वजनाचा फायदा मिळेल, लांबीचा नाही. शिवाय ‘निर्भीक’ मधून मोडून उघडते आणि पुंगळ्या आपोआप वर येतात. ‘प्रबल’मध्ये कळ दाबून सिलिंडर बाहेर काढायचे आणि दांडी तळव्याने ठोकायची. ठोकताना नळी आभाळाकडे हवी, नाहीतर एखाद्या पुंगळीची कड चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) सरकते आणि सिलिंडर बंदच होत नाही. हाताला ही नवी सवय लावावी लागेल.

खऱ्या अर्थाने मोठे, म्हणजे १०२ मि.मी. (चार इंच) किंवा त्याहून लांब नळीचे, पूर्ण पोलादी .३२ रिव्हॉल्व्हर हवे असेल, तर ते जुन्या बाजारात शोधावे लागते. स्मिथ अँड वेसनची आणि कोल्टची अशी रिव्हॉल्व्हरे अजून हातोहात फिरतात. कोल्टच्या नळीवर ‘.३२ पोलिस’ किंवा ‘.३२ न्यू पोलिस’ कोरलेले असेल तर काडतूस तुमचेच आहे. नुसते ‘.३२ कोल्ट’ असेल तर ते निराळे आणि अधिक बारीक काडतूस आहे, सोडून द्या. चांगल्या अवस्थेतले चार इंची शस्त्र मिळाले तर पहिली पसंती त्याला. नाही मिळाले तर ‘प्रबल’. आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी परवान्यावर दुसऱ्या शस्त्राचा प्रकार काय लिहून मिळणार आहे, ते परवाना शाखेत विचारून घ्या. नुसती जागा शिल्लक असणे पुरेसे नसते.

प्रश्न : .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल दोन्हींवर .३२च लिहिलेले असते. मग एकाची काडतुसे दुसऱ्यात का चालत नाहीत? माझ्या मित्राने पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या खोबणीत घालून दाखवले, ते बसले. (देवास)

उत्तर : बसते, म्हणून तर घोटाळा होतो. रिव्हॉल्व्हरचे काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. त्याची पुंगळी २३ मि.मी.हून थोडी लांब आणि तिला बाहेर आलेली कड असते. त्या कडेवरच ती खोबणीत टांगलेली राहते. पिस्तुलाचे काडतूस .३२ एसीपी, पुंगळी १७ मि.मी. आणि कड अगदी नावापुरती. कड इतकी लहान असल्याने ते खोबणीत कधी टिकते, कधी आत सरकते. सरकले तर घोडा टोपीपर्यंत (काडतुसाच्या बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या भागापर्यंत) पोचत नाही आणि काडतूस फुसके जाते. टिकले तर उडते, पण त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा बराच जास्त असतो. जुन्या वेब्लीसारख्या मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा सगळा भार वरच्या अडकणीवर असतो. हा दाब तिच्यासाठी नाही.

ताकदीत दोघांत फार अंतर नाही. रिव्हॉल्व्हरची ६.३५ ग्रॅमची गोळी २२० मीटर वेगाने साधारण १५४ जूल नेते, पिस्तुलाची ४.६ ग्रॅमची गोळी २७५ मीटर वेगाने १७४ जूल. ‘पिस्तूल जास्त जोरदार’ म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

पिस्तुलात या नावापुरत्या कडेचा आणखी एक त्रास आहे. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर ते पुढे सरकतच नाही. स्लाइड कितीही ओढा, मॅगझीन बाहेर काढून काडतुसे उपसल्याशिवाय सुटका नाही. म्हणून भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवून, पण कड खालच्याच्या पुढे राहील असे बसवायचे, आणि भरलेले मॅगझीन खिशात खुळखुळत ठेवायचे नाही. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांना मॅगझीनमध्ये मागेपुढे व्हायला जास्त जागा मिळते, म्हणून त्यांच्यात हे जास्त घडते.

दोन्ही प्रकार घरात असतील तर डबे वेगळे, रंग वेगळे, शक्यतो कपाटाचे खणही वेगळे. खरेदीच्या वेळी नुसते ‘बत्तीसची द्या’ म्हणू नका.

प्रश्न : माझ्याकडे .३२ची वॉल्थर पीपीके आहे. मामांकडे त्याच कंपनीची मोठी पीपी आहे. त्यांचे वय ७२. ती मी घ्यावी असे त्यांना वाटते. एक वेब्ली रिव्हॉल्व्हरही दाखवायला आले आहे. जुने शस्त्र तपासायचे कसे, आणि किमतीचे काय? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : जोडी म्हणून पाहिले तर याहून सरस सहसा जमत नाही. पीपी १९२९ची आणि पीपीके तिचीच आखूड आवृत्ती. नळी सुमारे ९८ आणि ८३ मि.मी., मॅगझीन आठ आणि सात काडतुसांचे. सेफ्टी, चाप, मॅगझीनची कळ, उघडायची रीत, सगळे सारखे. एकीवर बसलेला हात दुसरीवर चुकत नाही. आधी एवढे पाहा की स्लाइडवर ७.६५ मि.मी. कोरलेले आहे. ही मॉडेले ९ मि.मी. कुर्झमध्येही निघत, ती तुमच्या .३२च्या परवान्यावर चढणार नाहीत.

कागद दोन वाटांनी होतात. २०१६च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, तर ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्याची सोय आहे. मामांना मुले असतील तर भाचा त्या व्याख्येत बसतो का, हे परवाना शाखा ठरवील. बसत नसेल तर साधी विक्री. त्यासाठी मामांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्यात तुमच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. ‘घरातल्या घरात आहे’ म्हणून शस्त्र आधी हातात आणि कागद मागाहून, हे दोघांनाही भोवते.

पिस्तूल तपासताना मॅगझीन आधी बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये नजर आणि करंगळीचे टोक. क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी आणि मॅगझीन नंतर, तर स्लाइड पुढे जाताना नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते आणि पिस्तूल रिकामे आहे असा समज होतो. अपघात इथेच होतात.

पीपी उघडायला चापाचे कडे खाली ओढून किंचित बाजूला टेकवतात, स्लाइड पूर्ण मागे घेऊन मागचे टोक उचलतात आणि पुढे सरकवून काढतात. नळी सांगाड्याला पक्की असते आणि स्प्रिंग तिच्याभोवती गुंडाळलेली. ही स्प्रिंग नीट पाहा. या पिस्तुलात नळी आणि स्लाइड यांना बांधणारी कुलूपकडी नाही. गोळी सुटेपर्यंत मागची बाजू धरून ठेवतात ते स्लाइडचे वजन आणि ही स्प्रिंग. थकलेली स्प्रिंग मोकळी केल्यावर नळीच्या तोंडाशीच संपते; चांगली असेल तर तोंडापुढे स्पष्ट बाहेर येते. थकल्या स्प्रिंगवर चाललेल्या पिस्तुलाची स्लाइड सांगाड्यावर आदळत राहते. मग चापाच्या कड्यामागे आणि स्लाइडच्या खिडकीच्या कोपऱ्यात केसासारख्या चिरा पडतात. तिथे भिंगाने बघा. चीर दिसली की सौदा संपला. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

सेफ्टीची कळ खाली केली की घोडा उतरावा, पण टोपीवर मारणाऱ्या पिनपर्यंत पोचू नये. हे रिकाम्या चेंबरवरच पाहायचे. मॅगझीनला हात लावून त्याचे ओठ पाहा. ते पसरले असतील तर काडतूस वर उडी मारते किंवा तिरके जाते. फसणाऱ्या पिस्तुलांत निम्मा दोष मॅगझीनचा असतो आणि जुनी मॅगझिने आता सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून मामांकडे दुसरे असेल तर तेही मागून घ्या. शेवटी, शस्त्रावरचे नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा.

वेब्लीचा कस वेगळा. सहाही खोबणी रिकाम्या आहेत ना ते पाहा, मूठ घट्ट धरा आणि नळी वरखाली हलवा. खट् असा आवाज आला तर वरची अडकण किंवा खालची बिजागरी झिजली आहे. मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन नळीचे मागचे तोंड आणि सिलिंडर यांच्यातली फट मोजा. ०.१० ते ०.२० मि.मी. उत्तम. ०.३०च्या वर गेली तर प्रत्येक बार उडताना बाजूने शिशाचे कण आणि गरम वायू उडतो. सहाही खोबणींसमोर मोजा. एका जागी ०.१५ आणि दुसऱ्या जागी ०.३० आले तर सिलिंडरचा आस वाकलेला आहे.

मग घोडा अंगठ्याने अगदी हळू चढवा आणि दुसऱ्या हाताचे बोट सिलिंडरवर हलके टेकवून ठेवा. घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडर आपल्या खाचेत बसला पाहिजे. चढल्यानंतरही फिरवता येत असेल तर खोबण नळीसमोर नेमकी येत नाही आणि गोळी नळीच्या कडेवर घासून जाते.

नळीत मागून उजेडाकडे पाहा. कुठे काळे कडे दिसले तर तिथे फुगवटा आहे. एखादी कमजोर गोळी आत अडकली होती आणि तिच्यामागून दुसरी झाडली गेली, असा त्याचा अर्थ. यावरून एक सांगून ठेवतो : काडतुसाचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा बार करू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, अर्धा मिनिट थांबा, शस्त्र रिकामे करा आणि नळीत आरपार उजेड दिसतो का ते बघा. जुन्या साठ्यातल्या काडतुसांबाबत हे हमखास आठवावे.

किमतीबद्दल विचारले आहे. परदेशी हँडगनची खासगी आयात ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे वॉल्थर-वेब्लीचे भाव टंचाईचे आहेत. त्यांवरून शस्त्राच्या अवस्थेचा काहीच अंदाज येत नाही. ग्वाल्हेरकडे खांद्यावर शस्त्र मिरवायची जुनी हौस, म्हणून तिथे पॉलिश केलेली शस्त्रे फार. निळा मुलामा नवा आणि अक्षरांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या, तर खालचा गंज घासून काढलेला आहे असे समजा.

प्रश्न : मुलगी एअर पिस्तूल मारते, आता २५ मीटरकडे वळायचे आहे. घरात माझे लहान .२२ रिव्हॉल्व्हर आहे. त्यावर सुरुवात करून पुढे मोठे घेतले तर? (महू)

उत्तर : नको. २५ मीटरच्या पिस्तुलावर आयएसएसएफची (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची) बंधने आहेत : नळी जास्तीत जास्त १५३ मि.मी., माशी ते खाच २२० मि.मी., वजन १,४०० ग्रॅमपर्यंत, चाप किमान १,००० ग्रॅमचा, आणि सगळे शस्त्र ३०० × १५० × ५० मि.मी.च्या पेटीत मावले पाहिजे. खेळाडू या मर्यादांच्या अगदी जवळचेच शस्त्र वापरतात. अचूकतेच्या फेरीत दहाचे वर्तुळ ५० मि.मी.चे असते, आखूड रिव्हॉल्व्हरवर चार-पाच किलोचा चाप ओढून ते साधायला गेली, तर एअर पिस्तुलावर कमावलेला हातही बिघडेल.

क्लबच्या किंवा अकादमीच्या .२२ लक्ष्यवेधी पिस्तुलावरच सुरुवात करा. राज्याची नेमबाजी अकादमी भोपाळला आहे. तुमच्या गावातल्या आर्मी मार्क्समनशिप युनिटने विजय कुमार घडवला, २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचे रौप्य घेणारा. पण ते दार सैनिकांसाठी आहे. खेळाडूंना शस्त्रसंख्येत आणि आयातीत निराळी मुभा असते. ती दर्जाप्रमाणे मिळते, तेव्हा आधी गुण आणि मग शस्त्र.

आणखी एक. .२२च्या जुन्या शस्त्राचा चाप रिकाम्या चेंबरवर ओढू देऊ नका. त्यात पिन काडतुसाच्या कडेवर मारते. काडतूस नसेल तर ती खोबणीच्या पोलादावर आपटते. तिथे खड्डा पडला की पुंगळ्या अडकू लागतात.

प्रश्न : दोन शस्त्रे झाली. पावसाळ्यात सांभाळायची कशी? लहान रोज होल्स्टरमध्येच असते. (बडोदे)

उत्तर : बाळगताना होल्स्टर हवेच, तेही झाकलेले. पण कपाटात ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमधून बाहेर काढा. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली रसायने त्या ओलीत पोलाद खातात. जुलैत ठेवलेले शस्त्र गणपतीत काढले तर होल्स्टरच्या शिवणीची रेघ गंजाने नळीवर उमटलेली असते. सुती कापडावर दोन थेंब तेल घ्या आणि बाहेरून पुसा. नळीत कापडाची चिंधी एकदा तेलाची, एकदा कोरडी फिरवा. लोखंडी कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि रंग बदलला की ती तव्यावर मंद आचेवर सुकवा. वर्तमानपत्रात गुंडाळणे बंद करा.

तेल जास्त झाले तर तेही वाईट. ते सिलिंडरमध्ये झिरपते, तिथून काडतुसाच्या टोपीत जाते आणि काडतूस मुके होते. म्हणून काडतुसे शस्त्रात भरून ठेवू नका. ती वेगळ्या कुलपात, मूळ डब्यात, लॉट नंबर दिसेल अशी. खडकीच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ हा शिक्का असतो. जो लॉट आधीचा तो आधी वापरा. दोन शस्त्रे आणि एकच चावी, ती सुद्धा देवघरात टांगलेली, हा प्रकार मात्र आपल्याकडे फार दिसतो.

प्रश्न : मेहुण्याच्या लग्नात वरातीत मोठे शस्त्र न्यावे आणि एक-दोन बार हवेत काढावेत, असा घरच्यांचा आग्रह आहे. परवाना आहे, मग चालेल ना? (इंदूर)

उत्तर : नाही. २०१९च्या दुरुस्तीने असा आनंदबार हा स्वतंत्र गुन्हा केला आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळा.

प्रश्न : ‘निर्भीक’ आणि चार इंची .३२, दोन्ही माझ्याकडे झाली आहेत. काडतुसे मोजकीच मिळतात. सराव कसा वाटून घ्यावा? रेवती रेंजवर जाता येईल का? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : रेवती रेंज सीमा सुरक्षा दलाची आहे. २०२४च्या वृक्षारोपणामुळे तिचे नाव सगळ्या शहराला माहीत झाले, पण परवाना दाखवून तिथे सराव करता येत नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्यत्व घ्या आणि तिथले नियम व काडतुसांची सोय आधी विचारा.

परवान्यावर लिहिलेल्या संख्येबाहेर एकही काडतूस घेता येत नाही, म्हणून सराव मुख्यतः कोरडा. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद करा. सिलिंडर उघडून सहा खोबणी डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. समोर विटांची भिंत असावी, तिच्यामागे माणसांची ये-जा नसावी. पिनखाली सरावाची नकली काडतुसे घाला. मोठे शस्त्र घेऊन माशीच्या मागे, नळीच्या वरच्या सपाट पट्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि घोडा न चढवता चाप ओढा. नाणे पडले नाही तर हात बरोबर. मोठ्यावर सलग दहा वेळा जमले की मगच लहान हातात घ्या. त्याच्या पट्टीवर नाणे टिकत नसेल तर नुसती माशी पाहा.

दहा-पंधरा मिनिटांत थांबा. थांबलो असे ठरवून काडतुसे भरल्यावर ‘एक शेवटचा’ ओढणे, यातूनच घराच्या भिंतींना भोके पडतात. तेव्हा सराव संपला की शस्त्र त्या दिवशी पुन्हा हातात घ्यायचे नाही.

रेंजवर पन्नास काडतुसे नेली असतील तर पहिली बारा मोठ्यावर सात मीटरवरून, एकेक, सावकाश. मग अठरा मोठ्यावर दहा मीटरवरून, पैकी निम्मी घोडा न चढवता. उरलेल्या वीसपैकी बारा लहानावर सात मीटरवरून. लहानावर गोळ्या पसरू लागल्या की ओढून-ताणून मारत बसू नका. राहिलेली आठ पुन्हा मोठ्यावर मारा. मोठ्यावर गट जुळला तर चाप ठीक आहे आणि लहानावरचा दोष मुठीच्या पकडीत आहे. मोठ्यावरही तसाच पसरला तर दोष बोटात आहे, आणि त्यावर उपाय घरचे नाणे. कागदी लक्ष्यावर शस्त्राचे नाव, अंतर आणि काडतुसांचा लॉट लिहून ते जपून ठेवा. लॉट बदलला की गट वर-खाली सरकू शकतो आणि माणूस उगीच मागची खाच कानसायला निघतो.